पेला वेगळा कोणाचा?

निवासी शाळेत मुलाची तपासणी पुष्कळ होते. नखे वाढली आहेत का, केसांत उवा आहेत का, गणवेशाचे बटण तुटले आहे का, पेटीला कुलूप आहे का, हे सारे अधीक्षक आणि शिक्षक नेमाने पाहतात. तोंडात मात्र कोणी पाहत नाही. दाढ दुखून मूल रात्री रडले तर लवंग ठेवावी, ‘तोंड आले’ म्हणाले तर तूप लावावे, आणि पोट साफ नसेल असे म्हणून विषय संपवावा, अशी आपली जुनी रीत आहे. या स्मरणिकेत शाळेच्या इमारतीविषयी, दात्यांविषयी, निकालांविषयी आणि माजी विद्यार्थ्यांच्या कर्तृत्वाविषयी इतर मान्यवर लिहितीलच. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने मुलांच्या तोंडाविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु ‘हा आपल्या पंगतीतला’ आणि ‘हा जरा बाजूला बसलेला बरा’ हा निवाडा वसतिगृहात पुष्कळदा मुलाच्या तोंडाकडे पाहूनच होत असतो. त्या निवाड्यात शास्त्र किती आणि जुना विटाळ किती, हे तपासणे इतिहासाच्या शिक्षकाच्या कक्षेबाहेरचे आहे असे मला वाटत नाही.

लहानपणीचे बरेच विषाणूजन्य आजार तोंडातून आपली खूण देतात. गोवराचे पुरळ अंगावर उमटण्याच्या एक-दोन दिवस आधी गालाच्या आतल्या बाजूस, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. हेन्री कॉप्लिक या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने १८९६ साली त्यांचे वर्णन केले आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जातात. गालगुंडात कानाखालची लाळग्रंथी सुजते व मुलाला घास चावणे नकोसे होते. कांजिण्यांचे फोड टाळूवरही येतात. हात, पाय आणि तोंड यांवर एकाच वेळी फोड आणणारा आजार तर अलीकडे अंगणवाडीपासून सर्वांच्या ओळखीचा झाला आहे. यांपैकी बहुतेक आजार आठ-पंधरा दिवसांत आपोआप ओसरतात. गोवराला मात्र हलके समजू नये. कुपोषित मुलाची प्रतिकारशक्ती तो इतकी खचवतो की त्यामागून तोंडाचे इतर गंभीर विकार येऊ शकतात. त्याची लस मोफत आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रातील शाळांमधून गोवर-रुबेलाची मोहीम झाली तेव्हा अफवांवर विश्वास ठेवून काही पालकांनी मुलांना त्या दिवशी घरी ठेवले होते. चार वर्षांनी मुंबईत आणि मालेगाव-भिवंडीकडे गोवराचा उद्रेक झाला तो ज्या वस्त्यांत झाला, त्या वस्त्या कोणाच्या आहेत हे वाचकांना सांगायला नको.

वसतिगृहात नेहमी भेटणारा विषाणू मात्र हर्पिसचा आहे. त्याचा पहिला संसर्ग बहुधा लहान वयात होतो आणि पुष्कळ मुलांत तो कळूनही येत नाही. ज्यांच्यात उमटतो त्यांना ताप येतो, हिरड्या लाल होऊन सुजतात व सहज रक्ताळतात, जिभेवर, टाळूवर आणि ओठांवर बारीक फोड येऊन फुटतात. मूल पाणीदेखील गिळत नाही, लाळ गळत राहते. दहा ते चौदा दिवसांत हे सारे भरून येते. विषाणू मात्र शरीर सोडत नाही. चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत तो निजून राहतो. पुढे कधी ताप आला, ऊन लागले, परीक्षेचा ताण पडला की ओठाच्या कडेला पुन्हा फोडांचा झुबका येतो. त्याला आपल्याकडे ‘ताप बाहेर पडला’ म्हणतात. हा विषाणू लाळेतून व फोडांच्या पाण्यातून पसरतो हे खरे आहे. म्हणून फोड वाळेपर्यंत त्या मुलाचा पेला, रुमाल आणि टॉवेल वेगळा असावा, फोडाला लावलेले बोट त्याने डोळ्याला लावू नये, आणि त्याला भरपूर पाणी व मऊ, थंड अन्न द्यावे. तोंडात फोड आलेल्या तापाच्या मुलाला पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरांकडे नेले तर औषधाचा विशेष उपयोग होतो. आठवडाभर तूप लावून मग नेले तर तो काळ निघून गेलेला असतो. फोड वाळले की पेला पुन्हा सर्वांच्या पेल्यांत जायला हवा. हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे, त्याकडे पुढे येतो.

आता ज्या विषाणूचे नाव काढताच पालकसभेत शांतता पसरते त्याकडे वळू. भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ साली चेन्नईत आढळला. महाराष्ट्र हे पुढे अधिक संसर्ग असलेल्या राज्यांपैकी एक ठरले. ट्रकचे रस्ते, ऊसतोडीचे आणि शहरांतल्या मजुरीचे स्थलांतर यांच्या वाटेने तो खेड्यांत आला आणि आईकडून बाळाकडे गेला. कोणताही उपाय न केल्यास आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण शेकडा १५ ते ४५ असते. गरोदरपणीच चाचणी होऊन औषध सुरू झाले तर ते पाचाच्या खाली आणता येते. विषाणूरोधक औषधे, म्हणजे ज्यांना सर्वजण एआरटी म्हणतात ती, १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम २००६ साली आला. त्याआधी जन्मलेली कितीतरी मुले शाळेच्या दारापर्यंत पोहोचलीच नाहीत. त्यानंतरची पोहोचली, वाढली, आज दहावी-बारावीत आणि महाविद्यालयात आहेत. ती आपल्या शाळांतही असणार. कोण, हे आपल्याला ठाऊक नसते, आणि तसे असणे योग्यच आहे.

या मुलांचे तोंड पुष्कळ बोलते. उपचार सुरू नसेल किंवा खंडित झाला असेल तर सर्वांत अधिक आढळते ती कॅन्डिडा नावाची बुरशी. जिभेवर, गालांच्या आत, टाळूवर दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे थर जमतात. पुसले तर खाली लालभडक कातडी दिसते. कधी पांढरे काही नसते, नुसती लाली व आग असते. ओठांचे कोपरे चिरतात, हिरडीच्या कडेने एक लाल रेघ उमटते, व्रण परतपरत येतात, कानाखालच्या लाळग्रंथी न दुखता सुजून राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांतील एचआयव्हीच्या ज्या चार अवस्था ठरवल्या आहेत त्यांत ओठांच्या चिरा, हिरडीची लाल रेघ, वारंवार येणारे व्रण आणि ग्रंथींची सूज दुसऱ्या अवस्थेत मोडतात. हटता न हटणारी बुरशी तिसऱ्या अवस्थेत, आणि एक महिन्याहून अधिक टिकलेला ओठांवरचा हर्पिस चौथ्या अवस्थेत मोडतो. प्रयोगशाळेचा कागद येण्यापूर्वी ही चिन्हे साध्या बॅटरीच्या उजेडात दिसतात. शिवाय लाळ कमी झाली की दात लवकर किडतात. काही मुलांचे दात उशिरा येतात. लहानपणी दिली जाणारी काही पातळ औषधे साखरेच्या पाकात असतात आणि ती रात्री झोपताना देऊन मुलाला तसेच निजवले जाते, त्यानेही दाढा पोखरतात. औषध द्यावेच, त्यानंतर चूळ भरायला लावावी, एवढे कोणी त्या आजीला सांगितलेले नसते.

येथे एक सावधगिरी. ओठांचे कोपरे चिरलेल्या शंभर मुलांत बहुतेकांना जीवनसत्त्वांची किंवा लोहाची कमतरता असते. तोंडातला व्रण तर धडधाकट मुलालाही येतो. म्हणून तोंड पाहून शिक्षकाने रोगाचे नाव उच्चारणे हा अपराध समजावा. त्याचे काम डॉक्टरांकडे पाठवण्यापर्यंतच आहे. पंधरा दिवसांत न भरलेला कोणताही व्रण, पुसूनही परत येणारा पांढरा थर, खाणे टाळणारे मूल, एवढे पाहिले की पुरे. ठेचा आणि रस्सा आवडणारा मुलगा एकाएकी दूधभातच मागू लागला, पंगतीत सर्वांच्या शेवटी बसू लागला, हसताना तोंडावर हात ठेवू लागला, तर चौकशी करावी. हे स्वयंपाकाच्या मावशींना शिक्षकांच्या आधी कळते. त्यांना विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही, ती असायला हवी.

नियमित गोळ्या घेणाऱ्या मुलाचे तोंड इतरांच्या तोंडासारखेच असते. औषधाने रोगप्रतिकारशक्ती सावरली की बुरशी व व्रण फार कमी होतात. मग चांगले उपचार मोफत मिळत असताना वयात आलेल्या मुलामुलींच्या तोंडात ती बुरशी पुन्हा का दिसते? विषाणू औषधाला दाद देईनासा होणे हे एक कारण असू शकते. पुष्कळदा मात्र कारण साधे असते, गोळी घेतलेली नसते. चाळीस मुलांच्या खोलीत रोज ठरलेल्या वेळी डबी उघडायची आणि ‘ही कसली रे गोळी?’ या प्रश्नाला रोज नवे खोटे उत्तर द्यायचे, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला किती दिवस जमेल? तो गोळी खिशात ठेवतो, संडासात टाकतो, सुटीनंतर डबी घरीच विसरतो. काही महिन्यांनी जीभ पांढरी होते. त्या पांढऱ्या थरात विषाणूचा वाटा असतोच, पण त्याहून मोठा वाटा आपल्या नजरेचा असतो. जिथे गोळी उघडपणे घेता येत नाही तिथे ती घेतली जात नाही, हे इतके सरळ आहे. फिट्सची, दम्याची, सिकलसेलची औषधे घेणारी मुलेही वसतिगृहात असतात. सर्वांच्या गोळ्या एकाच खोलीत, एकाच वेळी, नाव न विचारता घेण्याची सोय केली तर कोणाची गोळी कशाची हे कोणी पाहत बसणार नाही. याला पैसा लागत नाही.

मुलाची भीती निराधार नसते. केरळात २००३ साली आईवडील गमावलेल्या दोन भावंडांना एचआयव्ही असल्याने शाळेची दारे बंद झाली होती. तेव्हाच्या केंद्रीय आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी त्यांना जवळ घेतल्याचे छायाचित्र त्या वेळी गाजले. छायाचित्राने शाळेतल्या इतर पालकांचे मन किती बदलले हा वेगळा प्रश्न. २००९ साली आपल्याच लातूर जिल्ह्यात एचआयव्हीबाधित मुले गावच्या शाळेत येऊ लागली तेव्हा इतरांनी आपली मुले शाळेत पाठवणे बंद केले. पालकांची तक्रार एकच असते, ‘एका ताटात जेवतात, एका पेल्याने पाणी पितात’. आणि नेमकी हीच गोष्ट शास्त्राने केव्हाच निकाली काढली आहे. एचआयव्ही लाळेतून पसरत नाही. ताट, पेला, पाण्याचा माठ, शिंक, मिठी, एकत्र खेळणे यांतून तो जात नाही. लाळेत त्या विषाणूला अटकाव करणारे घटकही असतात. कॅन्डिडाची बुरशी बऱ्याच निरोगी माणसांच्या तोंडात मुळातच राहत असते, ती शेजारी जेवणाऱ्या मुलाला ‘लागत’ नाही. पंढरपूरची ‘पालवी’, हासेगावचे ‘सेवालय’ अशा संस्थांतून कार्यकर्ते आणि त्यांची कुटुंबे वर्षानुवर्षे या मुलांसोबत राहिली, जेवली. मग ताटाची भीती येते कुठून?

माझ्या मते ती वैद्यकातून येत नाही, ‘उष्टे’ या कल्पनेतून येते. दुसऱ्याची लाळ हा आपल्या समाजात आरोग्याचा विषय होण्यापूर्वी हजारो वर्षे दर्जाचा विषय होता. पेशवाईत अस्पृश्यांना थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके अडकवावे लागे, याचा उल्लेख बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये केला आहे. ज्यांच्या थुंकीने रस्ता बाटत होता, त्यांनाच गावाचे उष्टे-खरकटे वाटणीला येत होते. लाळेचा विटाळ एकाच दिशेने वाहत होता. रोगाची भीती असती तर तो दोन्ही दिशांनी वाहिला असता. साताऱ्याच्या शाळेत लहान भीमरावाला नळाला हात लावता येत नव्हता, शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. त्याला कोणता संसर्ग होता? मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे खाणे सोडा असे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या ओंजळीचा वारसा सांगणाऱ्या माणसांनी उभारलेल्या शाळेत एखाद्या मुलाच्या पेल्यावर लाल रंगाची खूण केली जात असेल, आणि ती ‘सर्वांच्या हितासाठी’ केली जात असेल, तर मी तिला विटाळच म्हणेन. विटाळाने नुसते वैद्यकीय कपडे घातले आहेत.

हर्पिसच्या मुलाचा पेला वेगळा ठेवा असे मी वर म्हटले, ते याच्याशी विसंगत नाही. तो पेला संसर्गासाठी वेगळा होतो. त्याला कारण असते, मुदत असते, आणि हेडमास्तरांच्या मुलाला फोड आले तर त्याचाही पेला वेगळा होतो. विटाळाच्या पेल्याला मुदत नसते. तो मुलाच्या नावावर चढतो आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत उतरत नाही. कोणतीही नवी शिस्त लावताना हे तीन प्रश्न विचारावेत : कारण काय, किती दिवस, आणि सर्वांना लागू आहे का?

या कसोटीवर पाहिले तर सध्याची व्यवस्था उलटी दिसते. जिथे सर्वांचे वेगळे हवे तिथे आपण एक करतो. दात घासण्याचे ब्रश एकाच डब्यात डोकी एकमेकांना लावून उभे असतात. हिरड्यांतून रक्त येणे हे वसतिगृहात अगदी साधारण आहे, आणि रक्त हा मात्र खरा मार्ग आहे, एचआयव्हीचा आणि काविळीच्या ब जातीच्या विषाणूचा तर अधिकच. म्हणून प्रत्येकाचा ब्रश नाव घातलेला, सुटा, इतरांना न टेकणारा असावा. ब्रश नाही म्हणून भावाचा वापरणे बंद व्हावे. दंतमंजनाच्या एकाच डबीत सर्वांची ओली बोटे बुडणेही बंद व्हावे. माठात पेला बुडवू नये, लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी घ्यावे. आणि मशेरीला वसतिगृहात थारा नसावा, मग ती गावाहून आजीने प्रेमाने का पाठवलेली असेना. तोंडाच्या स्वच्छतेचा विषय भगवान बुद्धांना क्षुल्लक वाटला नव्हता. चुल्लवग्गात दातवण वापरण्यास अनुमती आहे, त्याचे फायदे सांगितले आहेत, आणि त्याची लांबी आठ अंगुळांहून अधिक नसावी असा नियमही आहे. नियमाचे कारण मोठे मौजेचे आहे. काही भिक्खू लांबलचक दातवणांनी लहान श्रामणेरांना मारत असत! वसतिगृहाचे प्रश्न अडीच हजार वर्षांत फारसे बदललेले नाहीत.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण संस्थाचालकांना ती पुष्कळदा माहीत नसते. एचआयव्ही आणि एड्सविषयीचा २०१७ चा अधिनियम १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शिक्षण संस्थेत प्रवेश नाकारणे, वेगळे बसवणे, वेगळे ठेवणे त्याने निषिद्ध केले आहे. शिक्षणासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. संमतीवाचून कोणाची स्थिती उघड करता येत नाही. तेव्हा प्रवेश अर्जासोबत असा अहवाल मागणारी एखादी संस्था स्वतःला दक्ष समजत असली तरी ती कायदा मोडत असते. दवाखान्यांचेही तेच. ‘आमच्याकडे तशी सोय नाही’ असे म्हणून दाढ न काढता मुलाला परत पाठवणारे दंतवैद्य मी पाहिले आहेत. लागणारी सोय म्हणजे हातमोजे, मास्क आणि नीट निर्जंतुक केलेली अवजारे. ती त्यांच्याकडे प्रत्येक रुग्णासाठी असलीच पाहिजे, कारण खुर्चीत बसलेल्या माणसाच्या रक्तात काय आहे हे एरवीही त्यांना ठाऊक नसते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली आपल्याच पालघरमध्ये झाला. त्याच्या पथकाने वर्षातून एकदा शाळेत येऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करावी अशी योजना आहे आणि तीत दातांचाही समावेश आहे. पथक येते तेव्हा मुलांना रांगेत उभे करून वह्या भरून घेण्याची घाई होते. त्या दिवशी इतर तास नसावेत, प्रत्येक मुलाचे तोंड उजेडात पाहिले जावे. सहाव्या वर्षी दुधाच्या दातांमागे येणारी दाढ कायमची असते, ती किडली तर पुन्हा येत नाही, हे त्या दिवशी पालकांनाही सांगता येईल. शाळेचे माजी विद्यार्थी आज दंतवैद्य आहेत, परिचारिका आहेत, औषधनिर्माते आहेत. स्नेहसंमेलनाला ते येतात, सत्कार स्वीकारतात, जेवून जातात. त्यांनी वर्षातले दोन दिवस, एक जूनमध्ये आणि एक दिवाळीनंतर, खुर्ची आणि आरसा घेऊन यावे. तपासणीच्या वहीत मुलाचे नाव, किडलेले दात, हिरड्यांची स्थिती आणि ‘डॉक्टरांकडे पाठवले, होय किंवा नाही’ एवढेच रकाने असावेत. रोगाच्या नावाचा रकाना त्या वहीत आखूच नये, आणि पाठवलेल्या मुलासोबत वर्गातल्या कोणाला न धाडता अधीक्षकांनी स्वतः जावे.